तुझ्या हाताचा ठसा

४ मार्च

बबडे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन मध्येच ठेवता येतो, पत्र दारात येऊन पडतं. फार तर वाचू नकोस.

माझं ठीक चाललंय. गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना सरळ भांडतात. खालचे घड्याळदुरुस्तीवाले काका रोज विचारतात, "बाई, आज कुठे?" गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सांगायला काहीतरी होतं. आपल्या बालवाडीतून बोलावणं आलंय. तिथे एक नव्या बाई आल्यात, पंचविशीच्या असतील. या महिन्यात आयांचा मेळावा आहे, आणि मुलांनी आईसाठी स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं ही प्रथा तिथे पाडली कुणी? मीच. तेव्हा तीन आठवडे येऊन जरा हातभार लावा, म्हणाल्या. मी नाही म्हणायला हवं होतं, पण एकटीनं भिंतीकडे किती बघणार?

तेवीस मुलं आहेत. रंगीत मासिकांच्या पट्ट्या कापून, काडीवर गुंडाळून मणी करतोय. मणी ओवले की आईसाठी माळ. एकानं चार दिवसांत एकच मणी केलाय, पण तो असा काही घट्ट गुंडाळलाय की त्यात सुईसुद्धा जायची नाही. एकीनं बटणांची फुलं चिकटवली आणि सोबत स्वतःची वेणीही चिकटवली. ती सोडवायला कोमट पाणी आणि माझी सगळी चिकाटी लागली. दुसरी एक फार विचारी आहे. मला म्हणाली, "आईला आवडलं नाही तर परत मिळतं का?"

नव्या बाईंनी विचारलं, पिठाच्या वाट्या करू या का? मी लगेच नको म्हटलं. त्या तडकतात.

दीड वर्ष झालं, बबडे. जावईबापूंच्या एका चष्म्यावरून इतकं ताणायचं का? लहान मुलांच्या हातून वस्तू फुटतात, त्यात मी पिल्लूला काही मारलं नव्हतं. आणि तू एकदम जुनी कुठली वाटी काढलीस, "ती वाटी कुणाची होती?" म्हणून विचारलंस. एकतीस वर्षं शिकवलं मी. किती वाट्या, किती माळा, किती कागदी फुलं. मला खरंच आठवत नाही, तर मी काय सांगू?

पिल्लूला माझा गोड पापा. जावईबापूंना नमस्कार.

आई


१३ मार्च

बबडे,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते असं म्हणणार होते, पण काकांनी दोनदा सांगितलं की टपाल अजून आलेलं नाही, म्हणजे मी दोनदा विचारलं असणार.

आठवतं. सगळं नाही, पण आठवतं.

पीठ, मीठ आणि पाणी एकत्र मळून गोळा करायचा, जाडसर थापायचा. मुलानं त्यावर हात दाबायचा. मग कडा उचलून वाटीसारखा आकार द्यायचा आणि चार-पाच दिवस सावलीत वाळवायचं. वाळलं की रंग. आईनं त्यात अंगठ्या, पिना काय हवं ते ठेवायचं, आणि तळाशी मुलाचा हात. तू पाच वर्षांची होतीस, माझ्याच वर्गात होतीस. तुझी वाटी निळी होती.

त्या वर्षी एका मुलीची वाटी तडकली. तिला सगळे बाहुली म्हणायचे, तुला आठवत असेल. तिची आई फार आजारी होती गं. कित्येक महिने अंथरुणावर होती. त्या मेळाव्यालाही कुणीतरी धरून धरूनच आणलं होतं तिला. अशा बाईसमोर तिच्या मुलीला रिकाम्या हातानं कसं उभं करायचं? तुझी आई काय, रोज तुझ्यासमोर होती. म्हणून मी तुझी वाटी तिला दिली. चुकलं असेल, पण वाईट मनानं नाही केलं. दयेपोटी झालं.

तू रागावलीस ते बरोबर आहे. पण माझी बाजूही एकदा ऐकावीस असं वाटलं, म्हणून लिहिलं.

आई


१४ मार्च

बबडे,

कालचं पत्र खोटं आहे.

खालच्या टपालपेटीत टाकल्याबरोबर मला ते कळलं होतं. फटीत बोटं घालून बघितली. बोटं अडकली. काकांनी दुकानातून हाक मारली, "बाई, काही पडलं का आत?" मी हो म्हटलं. किल्लीवाला माणूस संध्याकाळी येतो, थांबा, म्हणाले. मी थांबले नाही. मनात म्हटलं, गेलं तर गेलं, चांगलंच लिहिलंय की मी. तुला वाईट वाटणार नाही आणि मलाही वाटणार नाही.

आज वर्गात एका मुलीची माळ तुटली. मणी जमिनीवर सांडले आणि नव्या बाई मागे वळताना त्यांचा पाय त्यावर पडला. सात-आठ मणी चपटे झाले. मुलीचा ओठ थरथरायला लागला. बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माझा पाय पडला. चूक माझी आहे. आपण दोघी परत करू." मुलगी म्हणाली, "बरं." आणि दोघी कागद कापायला लागल्या. संपलं. मी हातात कात्री धरून तशीच उभी राहिले. इतकाच वेळ लागतो खरं बोलायला. नाक पुसायला लागतो तेवढा.

बाहुलीची आई आजारी नव्हती. चांगली ठणठणीत होती. ती म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षीणबाई.

तुझे बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी अजून हंगामी होते. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि ते ठरवणार होत्या अध्यक्षीणबाई. बाहुली तापामुळे आठवडाभर आली नव्हती. मेळाव्याच्या आदल्या दिवशी आली. वाटी वाळायला वेळच नव्हता. मी तिच्याकडून ठसा घेतला आणि लवकर वाळावी म्हणून वाटी शेगडीजवळ ठेवली. असं करायचं नसतं हे मीच सगळ्यांना शिकवायचे. सकाळी बघितलं तर वाटीचे दोन तुकडे. म्हणजे तीही चूक माझीच. मुलीची नाही, दुसऱ्या कुणाचीच नाही.

मेळावा अकराला होता. मी नऊला वर्गात एकटी होते. तुझी वाटी फळीवर पहिलीच होती, कारण तू ती रोज सरळ करून ठेवायचीस. मी ती उलटी केली. तळाला तू काडीनं तुझं अक्षर कोरलं होतंस. ओलं फडकं घेऊन घासलं, नखानं खरवडलं, आणि बाहुलीचं अक्षर कोरलं. मग वरून निळा रंग. हात जराही कापला नाही माझा, हे तुला सांगायला हवं. मी मनाशी इतकंच म्हटलं की आपलीच तर पोर आहे, तिला घरी समजावू.

पुढचं तुलाही माहीत आहे. पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं काय दिसलं ते मी लिहिते.

एकेक मूल उठायचं, वाटी आईला द्यायचं, आई पापा घ्यायची. बाहुली उठली. तू रांगेत होतीस. तू वाटी बघितलीस आणि सरळ चालत पुढे आलीस. शाळेत मला बाई म्हणायचं हा आपला नियम होता, तू तो वर्षभरात एकदाही मोडला नव्हतास. त्या दिवशी तू म्हणालीस, "आई, हा माझा हात आहे."

मी म्हटलं, "शाळेत बाई म्हणायचं."

तू म्हणालीस, "बाई, हा माझा हात आहे." आणि तू अध्यक्षीणबाईंच्या हातातल्या वाटीत हात ठेवलास. तुझी करंगळी, कपाटाच्या दारात सापडून वाकडी झालेली, ती त्या खळग्यात जशीच्या तशी बसली. मला दिसलं ते. माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल.

मी हसले. खोलीभर बायका होत्या, त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "सगळ्या मुलांचे हात सारखेच असतात." त्याही हसल्या. मग मी तुला बाहुलीची माफी मागायला लावली. खोटं बोलल्याबद्दल. तू मागितलीस. बाहुली रडायला लागली, तिलाही ठाऊक होतं बिचारीला. आणि मी सगळ्यांना सांगितलं की माझ्या मुलीनं माझी वाटी घरीच दिली आहे.

घरी येऊन तू बूट काढलेस, जागेवर ठेवलेस. हात धुताना फक्त एकदाच विचारलंस, "आई, मी खोटं बोलले होते का?"

मी हो म्हटलं.

तिथे कुणी अध्यक्षीणबाई नव्हत्या, कुणी हसत नव्हतं. दोघीच होतो. नाही म्हटलं असतं तर तू उद्या शाळेत सांगशील अशी भीती वाटली, बाकी काही नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

तू आता वजनकाटे तपासतेस. लोकांच्या दुकानात जाऊन त्यांची मापं खरी की खोटी ते बघतेस, आणि स्वतःच्या घरी साखरसुद्धा दोनदा मोजतेस. मी त्यावरून तुझी थट्टा करायचे. जावईबापू हसायचे, मीही हसायचे.

आणि चष्मा. चष्मा पिल्लूनं फोडला नाही. तो खुर्चीवर होता, मी बघितला नाही आणि बसले. पिल्लू समोरच होती. तू आत आलीस आणि मी काही विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं, "बघ गं तुझ्या लेकीचे प्रताप." चार वर्षांची पोर म्हणाली, "आजी बसली त्याच्यावर." मी म्हटलं, "लहान मुलं काहीही बोलतात." तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं होतं. मग तू वाटीचं विचारलंस. मी म्हटलं कसली वाटी. तू म्हणालीस, "मग आता तू जा, आई." तू आवाजही चढवला नाहीस. चढवला असतास तर मी घरी येऊन तुझ्यावर रागावू शकले असते.

हे पत्र कालच्या आधी पोचावं असं वाटतं. ते शक्य नाही.

आई


२४ मार्च

बबडे,

काल मेळावा झाला. मी एक गोष्ट केली आणि ती चुकली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

मुलांनी माळा दिल्या. घट्ट मणीवाल्यानं एकाच मण्याची माळ दिली आणि त्याच्या आईनं ती लगेच मनगटाला बांधली. मग मुख्याध्यापकांनी मला पुढे बोलावलं. सत्कार होता, मला आधी सांगितलं नव्हतं. शाल, फुलं, चार शब्द. पहिल्या रांगेत अध्यक्षीणबाई बसल्या होत्या. आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, हातात काठी असते.

मी बोलायला उभी राहिले आणि सांगून टाकलं. वाटी, अक्षर, तुझी करंगळी, माफी, सगळं. मी ठरवून गेले नव्हते. तीच खोली, तशाच बायका. मला वाटलं, जिथे तुला खोटं ठरवलं तिथेच उभं राहून ते पुसून टाकावं.

मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. मुख्याध्यापक म्हणाले, केवढा मोठेपणा, अशा शिक्षिका आता होणे नाही. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मी अध्यक्षीणबाईंजवळ गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, मला काहीच आठवत नाही हो. असल्या वस्तू घरात किती यायच्या. महिन्याभरात मोलकरीण टाकून द्यायची." वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. मला धीर देत होत्या.

म्हणजे ती वाटी महिनाभरसुद्धा कुणाच्या घरात राहिली नाही.

मी शाल अंगावर घेऊन खुर्चीत बसले होते. ती विचारी मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ती मुलगी कुठेय?"

मी म्हटलं, "ती आता मोठी झाली. दूर राहते."

"तिला सांगितलंत?"

मी म्हटलं, पत्र लिहिलंय. तिनं जरा विचार केला. "पण आत्ता टाळ्या तुम्हाला मिळाल्या ना?" एवढं बोलून ती आईकडे पळाली.

बबडे, तुझ्याकडून घेतलेल्या गोष्टीवर मी पुन्हा एकदा माझाच मान वाढवून घेतला. पहिल्यांदा नोकरी, आता शाल. खरं बोलूनही मी ते चुकीच्या लोकांसमोर बोलले. शाल शाळेतच खुर्चीवर ठेवून आले. आता तीही मोठेपणात मोजतील.

आई


७ एप्रिल

बबडे,

काल तुझ्याकडून परतल्यावर मी लगेच लिहायला बसणार होते. बसले नाही.

तुझा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते आणि नाव दिसल्यावर सुरी खाली ठेवायलाही विसरले. मला वाटलं होतं तू रडशील किंवा चिडशील. तू एखाद्या दुकानदाराशी बोलावं तशी शांत बोललीस. म्हणालीस, "पत्रं मिळाली. दुसरं आधी आलं, तिसरं त्यानंतर दोन दिवसांनी. ते दोन दिवस मला फार बरं वाटत होतं, आई. मला वाटलं, आजारी बाईसाठी दिलं असेल तर ठीक आहे. मी तुला फोन करणार होते."

आयुष्यात केलेल्या सगळ्या खोटेपणात मला ते तेरा तारखेचं पत्र सगळ्यात मोठं वाटतं. त्यात मला काही मिळवायचंसुद्धा नव्हतं, नुसतं चांगलं दिसायचं होतं.

मग तू म्हणालीस, "रविवारी ये. पिल्लूला तू सांग. मी सांगणार नाही."

आले. तू चहा दिलास, जावईबापूंनी प्रवासाची चौकशी केली. नवा चष्मा त्यांना शोभतो, पण मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पिल्लू जमिनीवर ठोकळे मांडत होती. किती उंच झाली आहे. मी गुडघ्यांची कुरकुर ऐकत तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "पिल्लू, बाबांचा तो चष्मा मी फोडला होता. तुझं नाव मी खोटं घेतलं."

तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मला माहितीये. मीच तर सांगितलं होतं सगळ्यांना."

"हो. तू खरं सांगितलं होतंस."

"मग तुला कुणी रागावलं का?"

मी म्हटलं, "तुझी आई रागावली. बरोबरच होतं ते."

तिनं तुझ्याकडे बघितलं. तू दाराला टेकून उभी होतीस, हाताची घडी घालून. पिल्लूनं विचारलं, "अजून रागावली आहेस?" तू म्हणालीस, "हो." पिल्लू म्हणाली, "बरं," आणि एक ठोकळा माझ्या हातात दिला, धरायला. मी तो बराच वेळ धरून बसले. तो कुठे लावायचा ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

निघताना दारात मी तुझ्याजवळ थांबले. बोलायचं होतं. तोंडातून काय निघावं? "अगं, तेव्हा तुझे बाबा नव्हते, नोकरी हंगामी..." तू हात वर केलास. मारायला नाही, थांबवायला. म्हणालीस, "कारणं नकोत, आई. कारणं मला पाठ आहेत, माझी मीच तयार करत आलेय ती इतकी वर्षं. काय झालं तेवढं एका कागदावर लिहून दे. खाली सही कर. मला ते घरात ठेवायचंय."

खाली उतरताना वळून बघितलं तर दार उघडंच होतं. तू तिथे नव्हतीस, पण दार लावलंही नव्हतंस. यातून मी काही अर्थ काढत नाही.

तू मागितलेलं वेगळ्या कागदावर लिहिलंय, यासोबतच आहे. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन वेळा कुठे ना कुठे "कारण" आलंच, ते कागद फाडले. चौथ्यावर इतकंच आहे:

वाटीतला हात माझ्या मुलीचा होता. वाटी तिनं केली होती, माझ्यासाठी. ती मी घेतली, तिचं अक्षर पुसलं आणि दुसऱ्या मुलीच्या नावानं दिली. माझ्या मुलीनं सगळ्यांसमोर खरं सांगितलं. मी तिला खोटारडी म्हटलं, माफी मागायला लावली, आणि घरी तिनं विचारल्यावर पुन्हा खोटं बोलले. ती तेव्हा खोटं बोलली नव्हती. पाच वर्षांची होती आणि खरं बोलत होती.

सही केली आहे, तारीख घातली आहे. जपून ठेव. मी आता म्हातारी होतेय, बबडे. उद्या मी पुन्हा म्हटलं की कसली वाटी, मला आठवत नाही, तर हा कागद काढ आणि मला वाचून दाखव. मी खरोखरच विसरले असेन, तरीही दाखव.

तुझी,
आई